माडाखालचं टेबल

नरूकाका हॉटेलात शिरले की मेनूकार्ड बघत नाहीत, वर बघतात. कपाळाशी हात धरून, मान मागं टाकून, बराच वेळ. वेटर नवा असला तर तोही वर बघतो आणि त्याला काहीच दिसत नाही. मग काका विचारतात, "नारळ शेवटचे कधी उतरवलेत?" वेटर म्हणतो, "शहाळं आणू का, काका?" इथं काकांचा त्या हॉटेलावरचा विश्वास उडतो.

आमच्या किहीमला आता एक वाडी सोडून दुसरीत कॅफे निघालाय. माडांच्या बुंध्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळायच्या, खाली वेताच्या खुर्च्या टाकायच्या आणि थालीपिठाला इंग्रजी नाव द्यायचं, की झाला कॅफे. मी शाळामास्तर, माझी शाळा सकाळची. घरी स्वयंपाक करणारं कुणी नाही आणि खाण्याची आवड मात्र दांडगी. शेजारचे नरूकाका, काकू गेल्यापासून, रोज भात करपवून कंटाळलेले. त्यामुळं दुपारचं पोट आम्ही दोघं बाहेरच भरायचो. आज इथं मिसळ, उद्या तिथं घावन. मुंबईची माणसं ज्या सावलीसाठी एवढ्या लांब येतात, ती सावली मोकळी सोडून काका मला आत स्लॅबखाली, हात धुवायच्या बेसिनशेजारी बसवायचे. बसण्याआधी स्लॅबला तडा गेलाय का ते बघायचे, पंख्याचा हुक बघायचे, सिलिंडर कुठल्या बाजूला आहे ते विचारायचे आणि त्यापासून लांबची खुर्ची धरायचे. तोवर माझी भूक मरून गेलेली असायची.

काकांची सगळी नोकरी विमा कंपनीत, दाव्यांचे कागद तपासण्यात गेली. "माणूस कशानंही मरतो, मास्तर. हे मी पगार घेऊन शिकलोय," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मासा खाताना ते स्वतः बोलत नाहीत आणि मलाही बोलू देत नाहीत, काटा अडकेल म्हणून. मांडव्याहून बोट धरली की मुंबई जवळ, पण काका आयुष्यभर पेण-पनवेलचा वळसा घालून एसटीनं गेले. बोट बुडते म्हणे. मी म्हटलं, एसटी दरीत जात नाही का? तर म्हणाले, "म्हणून तर मी ड्रायव्हरच्या मागं बसतो. तो स्वतःचा जीव तरी जपेलच की."

पण सगळ्या भीतींची आई म्हणजे माड. गावात जन्म गेलेल्या माणसानं माडाला भ्यावं, याचं सगळ्यांना हसू यायचं. कारण नारळाला डोळे असतात, तो माणूस बघूनच पडतो, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. रस्त्यावरच्या हॉटेलाचा मालक जनूशेठ तर काका दिसले की मुद्दाम म्हणायचा, "काका, कशाला घाबरवताव गिराईकाला? नारलाला डोले हान. भित्यापाठी ब्रह्मराक्षस."

"आमच्या ऑफिसात नारळाचे डोळे कुणी मान्य केले नाहीत," काका म्हणायचे.

एका दुपारी याच जनूशेठकडं आम्ही नेहमीसारखे आत बसलो होतो. बाहेर माडाखाली एक जोडपं, सोबत लहान मुलगी. मुलगी खुर्चीत उभी राहून पाव खात होती. काकांचं ताटात लक्ष लागेना. शेवटी उठून ते बाहेर गेले आणि त्या माणसाला म्हणाले, "तुम्ही इथून उठा."

"तुम्हाला हे टेबल हवंय का?"

"फुकट दिलंत तरी नको."

त्या माणसानं खूप तोंड वाकडं केलं, पण काकांचा चेहरा बघून त्याची बायको मुलीला घेऊन उठली आणि आत आली. आमचा चहा यायचा होता. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. आणि धप्पकन आवाज झाला. मुलगी ज्या खुर्चीत उभी होती, तिची बैठक फोडून नारळ खाली मातीत रुतला होता. त्या बाईनं मुलीला इतकं घट्ट धरलं की मुलगी रडायला लागली. काका खांबाला धरून उभे होते.

पहिला तोंड उघडणारा जनूशेठ. "बघा," तो म्हणाला, "मोकलीच खुर्ची बघितलीन त्यानं."

आणि गावात गोष्ट पोचली ती अशी, की पोर उठेपर्यंत नारळ वर थांबला होता. नरूकाकांचं नावही त्यात नव्हतं. मी मात्र त्या दिवसापासून कामातून गेलो. माड दिसला की माझी मान आपोआप वर जायची. शाळेच्या प्रार्थनेलाही मी मुलांच्या डोक्यांवर काय आहे ते बघायला लागलो.

त्याच सुमाराला काकांची एकुलती एक मुलगी मुक्ता मुंबईची नोकरी सोडून घरी आली आणि तिनं काकांच्याच वाडीत कॅफे काढायचं ठरवलं. काकांना आनंद एवढा झाला की त्यांनी मला दोनदा पेढे दिले. मग ती खुर्च्या कुठं मांडणार ते कळलं आणि पेढे त्यांच्याच घशात अडकले.

वाडीतल्या बाकीच्या माडांचे नारळ काकांनी गडी लावून उतरवून घेतले. अडचण एकाच माडाची होती. विहिरीपाशी एक जुना, घराकडं कललेला माड आहे. मागच्या वादळात त्याचा बुंधा आतून पोकळ झाला. गड्यानं त्यावर एक थाप मारली आणि म्हणाला, "काका, ह्याच्यावर मी न्हाय चढायचा. पोरंबाळं हायत मला." तोडावा तर तो सरळ घराच्या कौलांवर येणार. म्हणजे त्याचे नारळ त्याला वाटेल तेव्हा पडणार. आणि समुद्र दिसतो तो नेमका तिथूनच. कॅफे उघडल्यावर काकांच्या सांगण्यावरून मुक्तानं टेबल हलवलं, तर गिऱ्हाईक ते पुन्हा उचलून तिथंच नेई. काकांनी दोरी बांधली, तर लोक दोरीसकट फोटो काढू लागले.

मग बापलेकीचं वाजलं. ते मला कुंपणापलीकडून ऐकू आलं. मुक्ता म्हणत होती, "बाबा, सगळे कॅफे माडाखालीच आहेत. नारळाला डोळे असतात, आजीच सांगायची ना? तुमच्या भीतीपायी आई जन्मात एकदा बोटीत बसली नाही. मी पण तसंच जगू का? नाहीतर सांगा, मी जाते परत."

त्यानंतर काका माझ्याबरोबर जेवायला यायचे बंद झाले. हाक मारली तर "आज नको, मास्तर," एवढंच. मला वाटलं, रुसून घरात बसलेत. एकट्यानं मिसळ गोड लागेना. शेवटी एका रविवारी दुपारी मी मुक्ताच्याच कॅफेत गेलो. गर्दी मायंदाळ. आणि त्या विहिरीजवळच्या माडाखाली, तिथल्या एकुलत्या एक टेबलाशी, नरूकाका बसले होते.

पाठ ताठ, खांदे कानांपर्यंत वर ओढलेले. पुढ्यात पेपर, पण डोळे त्यातल्या एकाच ओळीवर. घावन गार होऊन कडेनं वळलेलं. मी वर बघितलं. शेंड्यात तपकिरी नारळांचा भरलेला घड होता. मी चार पावलं अलीकडंच थांबलो.

"काका, उठा तिथून."

"तू पुढं येऊ नकोस," ते हळूच म्हणाले. "भिंतीकडं जाऊन बस."

"पण तुम्ही?"

"मी गिऱ्हाईक आहे. टेबल भरलेलं असलं की दुसरं कुणी बसत नाही. तिनं कॅफे उघडला की येतो, बंद केला की उठतो."

"मधे कुठं जावं लागलं तर?"

"छत्री ठेवून जातो खुर्चीवर."

मला हसावं की रडावं कळेना. "भीती नाही वाटत?"

"वाटते तर. वर बघितलं तर उठून पळत सुटेन, म्हणून बघत नाही." त्यांनी पेपरचं पान उगाच सरळ केलं. "मुक्ताला बोलू नकोस. तिला वाटतंय, बाबांची भीती गेली. पुन्हा माडाचा विषय काढला तर ती जाईल रे निघून."

तेवढ्यात मुक्ताच चहा घेऊन आली. कपाळावर घाम, पण चेहरा फुललेला. "सर, बघितलंत ना? बाबा सुधारले," ती म्हणाली. "आमचं वाजलं तेव्हापासून रोज तिथंच बसतात, समुद्र बघत. सकाळपासून क्षणभर बसायला मिळालेलं नाही. आता बाबांबरोबर बसून घोटभर चहा घेते." तिनं कप टेबलावर ठेवला आणि समोरची खुर्ची ओढली.

काका एकदम ओरडले, "इथं नाही बसायचं. गिऱ्हाईक खोळंबलंय, काम नाही का तुला?"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मुक्ताचा चेहरा उतरला. तिनं खुर्ची परत आत सारली आणि चालू लागली. काका तिच्या पाठीकडं बघत राहिले, आणि ती स्वयंपाकघराच्या छपराखाली पोचेपर्यंत त्यांनी कपाला हात लावला नाही.