रत्नप्रभाबाईंनी स्कूटर दुरुस्त केली

"मॅडम, हा मिक्सर नाहीये," केयूर म्हणाला, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

खरं म्हणजे तोपर्यंत बिघडलेली होती ती फक्त सहदेवची वॉटर स्कूटर. देवबागला पर्यटकांना समुद्रात फिरवून आणायची ती पाण्यावरची स्कूटर मधेच खोकायला लागली, मग जोर दिला की मान टाकायला लागली, आणि एके दिवशी किनाऱ्यावरच गप्प झाली. जवळपास कुणाला तिचं पोट उघडायचं धाडस होईना. म्हणून सहदेव ती टेम्पोत घालून मुंबईला घेऊन आला आणि ओशिवऱ्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मोठ्या बहिणीला सोबत घेऊन गेला. मोठी बहीण म्हणजे रत्नप्रभा परब. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत मोटारी रिवाइंड करण्याचा त्यांचा गाळा. बत्तीस वर्षं तांब्याच्या तारेत हात. पंखे, पाण्याचे पंप, लिफ्टच्या मोटारी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं.

काउंटरवरच्या केयूरने टॅबवर बोट फिरवून सांगितलं, "फ्युएल पंपाची पूर्ण असेंब्ली जाईल. वायरिंगचा पूर्ण सेट जाईल. लेबर धरून दोन लाख ऐंशी हजार."

सहदेवच्या चेहऱ्यावर एक विलक्षण शांती पसरली. बाईंना वाटलं, धक्का बसला बिचाऱ्याला.

"पंपात नक्की काय गेलंय?" बाईंनी विचारलं.

"असेंब्ली गेलीय."

"असेंब्ली म्हणजे अख्खं कुटुंब झालं. त्यातलं कोण गेलंय ते सांगा. मोटार? जाळी? की नुसता करंट पोचत नाहीये?"

"आम्ही उघडत नाही, मॅडम. बदलतो."

"उघडलं नाही तर गेलंय हे कळलं कसं?"

तेव्हा केयूर ते मिक्सरचं वाक्य बोलला. तेही बाईंकडे बघून नाही, सहदेवकडे बघून, समजूतदार हसत. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी तक्रारवही मागितली. तक्रारवही नव्हती, भिंतीवर एक क्यूआर कोड होता. तो स्कॅन केल्यावर 'आपला अनुभव किती आनंददायी होता?' एवढंच विचारत होता, आणि सगळ्यात खालचं उत्तर 'बरा' असं होतं.

"उतरवा ती स्कूटर," बाई म्हणाल्या. "मी करते."

"जावंदे गे ताय," सहदेव पुटपुटला. "नशिबात नसात ती."

"नशिबाचं नाव घेऊ नकोस! ह्या लोकांना नशीबच हवं असतं तुझ्यासारख्यांचं. मिक्सर म्हणे!"

"ताय, माका एक सांगूचा होता..."

"नंतर सांग. दोरी धर."

मरोळला पोचल्यावर वसाहतीच्या फाटकावरच अडलं. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये तीनच रकाने होते: दुचाकी, चारचाकी आणि माल. वॉचमनने टेम्पोतून ट्रॉलीवर उतरवलेल्या स्कूटरभोवती एक फेरी मारली आणि वसाहतीचे सेक्रेटरी श्यामसुंदर यांना बोलावलं. श्यामसुंदर यांचा मिठाईचे खोके छापायचा गाळा बाईंच्या समोरच होता, आणि नियम हा त्यांच्या जिवाचा विसावा होता.

"ही होडी आहे," ते म्हणाले. "होडीला परवानगी नाही."

"स्कूटर आहे. नावच स्कूटर आहे."

"मग चाकं कुठायत?"

"नाहीयेत. म्हणून चाकांचे पैसेही घेऊ नका."

"चाकं ट्रॉलीला आहेत. दोन. म्हणजे दुचाकी."

"दुचाकी म्हणता, मग होडी कशाला म्हणालात?"

वॉचमन कंटाळला होता. त्याने 'हातगाडी' असं लिहून टाकलं आणि फाटक उघडलं. श्यामसुंदर बघत राहिले. "ह्याचा रिपोर्ट होणार," एवढं म्हणायला मात्र ते विसरले नाहीत.

पुढचे दोन दिवस रत्नप्रभाबाईंनी जेवण गाळ्यातच मागवलं. आधी त्यांनी टाकीतलं सगळं पेट्रोल काढून बंद कॅनमध्ये भरलं, गाळ्याचं शटर आणि मागची खिडकी सताड उघडी ठेवली, आणि उदबत्तीसुद्धा लावू दिली नाही. मग मीटर घेऊन बसल्या. बॅटरी ठणठणीत होती. पण पंपाच्या तोंडाशी बारा व्होल्टऐवजी जेमतेम सात पोचत होते. बाकीचे पाच वाटेत कुठे गळत होते? वायर धरून धरून त्या इंजिनावरच्या एका बोल्टपाशी आल्या. सगळ्या अर्थिंगच्या वायरी तिथे एकत्र आवळलेल्या, आणि त्यांच्यावर खाऱ्या पाण्याने हिरव्या गंजाची अशी जाड साय धरली होती की आत तांबं आहे हे सांगूनही पटलं नसतं.

"हे बघ! हे!" त्या ओरडल्या. "ह्याला वायरिंगचा पूर्ण सेट! अरे, पॉलिश पेपरचा एक तुकडा लागतो ह्याला! दात घासत नाही म्हणून जबडा बदला म्हणणारे लोक हे!"

"म्हणजे... होतली?" सहदेवने विचारलं. त्याचा आवाज खोल गेला होता.

"होणार म्हणजे काय! रडतोस काय वेड्या?"

पंप उघडला तर खालच्या जाळीत शेवाळासारखा चिकट गाळ, आणि वरची छोटी मोटार जाम. ती तेवढीच बाहेर निघत होती. बाई ती रुमालात गुंडाळून कुर्ल्याच्या स्पेअरच्या बाजारात गेल्या आणि तिसऱ्याच दुकानात त्याच मापाची, एका साध्या मोटारगाडीची मोटार मिळाली. दुकानदार साधा रबरी पाइप देत होता. तो त्यांनी परत केला, पेट्रोलमध्ये बुडून राहिला तरी न फुगणारा मागून घेतला, आणि पक्क्या क्लिपा घेतल्या. सगळं मिळून सहा हजार तीनशे. पावती त्यांनी व्यवस्थित घडी घालून पर्समध्ये ठेवली. ती केयूरच्या काउंटरवर कशी ठेवायची, ह्याची त्यांनी परतीच्या रिक्षात दोनदा तालीम केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं. पंप गुणगुणला. बाईंनी डोळे मिटून तो आवाज ऐकला.

"आता इंजिन. नळाची नळी हिच्या ह्या तोंडाला लाव. आणि नीट ऐक. आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलटं केलंस तर पाणी इंजिनात जाईल."

सहदेवने नळी लावली. बाईंनी इंजिन चालू केलं, आणि अख्ख्या वसाहतीत वाघ सुटल्यासारखा आवाज झाला. उभ्या असलेल्या तीन गाड्यांचे अलार्म एकदम वाजायला लागले. सहदेवने नळ सोडला. कितीतरी महिन्यांची काजळी मागच्या भोकातून पाण्याबरोबर बाहेर आली आणि काळ्या पिचकारीसारखी समोर गेली. समोर श्यामसुंदर यांनी एका लग्नाच्या बुंदीच्या लाडवांचे पांढरेशुभ्र खोके शाई वाळायला मांडून ठेवले होते.

प्रत्येक खोक्यावर मधोमध सोनेरी गणपती होता, त्याच्या सोनेरी रंगात तरी ठिपके जरा खपून गेले. बाकीच्या पांढऱ्यावर भरडलेली काळी मिरी भुरभुरल्यासारखी दिसत होती.

"हे खोके उद्या सकाळी द्यायचेत!" श्यामसुंदर एक खोका वर धरून म्हणाले.

"आम्ही दिशा बघायला हवी होती," बाई म्हणाल्या. चूक असली तर त्या मान्य करत. "तुमच्या खोक्यांचे पैसे मी भरते. पण रस्त्यावर खोके वाळत घालायला परवानगी आहे का? तो कुठला रकाना?"

हे दुसरं वाक्य बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं. अर्ध्या तासात लेटरहेडवर नोटीस आली. 'सदर जलवाहन आज दुपारी एकपर्यंत वसाहतीबाहेर न नेल्यास ते जप्त करून तळमजल्यावरील जिन्याखाली ठेवण्यात येईल.'

"जिन्याखाली!" बाई म्हणाल्या. "चल सहदेव. हिला पाण्यातच चालवून दाखवते एकेकाला."

"ताय, खरांच माका एक सांगूचा हा..."

"टेम्पोत सांग."

टेम्पोत मात्र त्या खारदांड्याच्या मालनशी फोनवर बोलत होत्या. मालनच्या दोन मच्छीमार बोटी होत्या आणि त्यांचे डायनामो वर्षानुवर्षं बाईंकडे येत. तिने किनाऱ्यावरच्या मंडळींना सांगून ठेवलं, बोटींपासून लांबची मोकळी जागा दाखवली, आणि स्वतः खुर्ची टाकून बसली. बाईंनी चाचणीपुरतं दोन लिटर पेट्रोल ओतलं. सहदेवने लाइफ जॅकेट चढवलं, माणूस पडला की इंजिन बंद करणाऱ्या दोरीची क्लिप मनगटाला लावली आणि निघाला.

स्कूटर उडाली. खोकली नाही, अडली नाही, मान टाकली नाही. पाण्यावर पांढरी रेघ ओढत तिने एक लांब वळण घेतलं. किनाऱ्यावर जाळी विणणाऱ्या चार जणांनी शिट्ट्या मारल्या. रत्नप्रभाबाईंनी हाताची घडी घातली. इतकं बरं त्यांना मुलीच्या बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

सहदेव परत आला. उतरला, आणि ओल्या वाळूत मटकन बसला.

"झाली," तो म्हणाला.

"झाली! सहा हजार तीनशेत! बोल आता, काय सांगायचं होतं?"

सहदेवने खाली बघत वाळूत बोटाने रेघ मारली. "माका ती चालू होवक नको होती गे."

बाईंना आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"माझ्या पोरान, नितेशान, हट्ट केल्यान म्हणान घेतलंय. झील गेलो बोटीवर नोकरीक, आणि मी छपन्नाव्या वर्साक लोकांका मागे बसवन फिरवतंय. एक कानात किंचाळता, दुसरो मान धरता. कंबार गेली माझी. ज्या दिवशी ती बंद पडली त्या दिवशी मी दुपारचो निजलंय, तीन वर्सांत पयल्यांदा. रुक्मिणी म्हणाली, पन्नास हजारांत झाली तर करा, नायतर भंगारात काढा. त्या पोरान दोन लाख ऐंशी सांगल्यान, तेव्हा माका त्याच्या पायाच पडूचासा वाटला."

रत्नप्रभाबाईंनी हाताची घडी सोडली.

"मग तीन दिवस तोंडात काय धरलं होतंस? आधी बोलायला काय झालं होतं?"

"तुया बोलाक दिलंस खय?"

बाई जास्तच संतापल्या. कुणावर, ते त्यांनाही कळेना. केयूरवर संतापावं तर त्यानेच भावाला हवं ते दिलं होतं. शेवटी त्यांनी फोन काढला, भावजयीला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"रुक्मिणी, तुझ्या नवऱ्याला ही स्कूटर नकोय. स्वच्छ सांगतेय तो. त्याची कंबर गेलीय. त्याला जुंपू नकोस."

"नको?" रुक्मिणी म्हणाली. "वन्सांनू, तेंका लय आवडता म्हणान मी पन्नास हजार म्हटलंय. नायतर धा हजारसुद्धा दिलंय नसतंय. पण आता झाली मा चालू?"

"एकदम."

"मग मी चालवतंय. तेंका सांगा, रांधपात बसा आणि पावण्यांका मासे तळून घाला. दिवाळीत नितेशान शिकवल्यान माका. दोनदा फिरवून हाडलंय. काय कठीण नाय."

रत्नप्रभाबाईंना एकदम हलकं वाटलं. सगळं सुटलं होतं. त्या हसून भावाकडे वळल्या, तर सहदेव उभा राहिला होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"कोण चालवतली? ती?"

"अरे, तुला नकोय ना?"

"माका नको, ता माझ्या म्हणण्यान नको! तिच्या म्हणण्यान कित्याक? आणि दिवाळीत नेल्यान? माका न विचारता? मी खय होतंय तेव्हा?"

"तुमी बाजारात होतात," फोनमधून उत्तर आलं. "आणि वळण तुमच्यापेक्षा बरां मारतंय."

बस. सहदेवने सोडलेलं जॅकेट पुन्हा चढवलं, क्लिप मनगटाला करकचून बांधली, आणि स्कूटर पाण्यात ढकलून असा सुटला की मालनच्या खुर्चीपर्यंत फवारा आला. त्याने एक वळण घेतलं, दुसरं घेतलं, तिसरं तर असं घेतलं की जाळीवाले उठून उभे राहिले. कंबरेचं कुठेच काही दिसत नव्हतं. मग चौथ्या वळणाच्या मध्यावर आवाज बसत गेला आणि स्कूटर पाण्यावर नुसती डुलायला लागली.

"काय गो," मालन म्हणाली, "भावाची गारी परत बंद परली?"

"बंद पडली नाही!" रत्नप्रभाबाई कडाडल्या. "पेट्रोल संपलंय! दोनच लिटर होतं! गाडीला काहीही झालेलं नाही!"

"बरां, बरां. होरी पाठवू का त्याला आणायला?"

बाईंनी कपाळावर हात धरून बघितलं. दूर पाण्यावर सहदेव स्कूटरवर ताठ बसला होता. तोंड दक्षिणेला, देवबागच्या दिशेला. समोर कुणी नव्हतं, पण तो दोन्ही हात हवेत उडवून जोरजोरात कुणाला तरी सुनावत होता. इतका सलग बोलताना त्यांनी त्याला आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"पाठव," त्या म्हणाल्या, आणि मालनच्या शेजारी वाळूत बसल्या. "पण त्याचं बोलून होऊ दे आधी."