आईचा दगड गोल करताना

घरात निदान एक तरी वस्तू आपल्या हातांनी केलेली असावी, असं एका सकाळी दात घासताना मला वाटलं. एवढंच. बाकी सगळं त्यातून आपोआप घडत गेलं आणि त्याला मी जबाबदार नाही (हे मी आजही ठामपणे सांगतो, घरात कोणी ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी).

मी दूरदेशी राहून वस्तुरचनाशास्त्र शिकून नुकताच परत आलो होतो. वस्तू कशी असावी, का असावी आणि मुळात असावी का, इथपर्यंत सगळं या शास्त्रात शिकवतात; फक्त ती करायला सांगत नाहीत. म्हणून परत येताना विमानातच ठरवलं होतं, आता तोंड बंद आणि हात चालू. आल्यापासून या एकाच विषयावर मी इतकं बोललो, की बाबा जेवणाचं ताट घेऊन गॅलरीत बसायला लागले.

"मग कर की काहीतरी," एकदा ते गॅलरीतूनच म्हणाले. "तो स्वयंपाकघरातला नळ गळतोय. वॉशर बदल."

वॉशर! मी त्यांच्याकडे करुणेनं पाहिलं. मला करायचा होता गोळा. दगडाचा, चहूबाजूंनी सारखा, आरशासारखा चकाकणारा गोळा. आमच्या घरात (दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाबांची गॅलरी) चौकोनी वस्तूंना तोटा नव्हता. निर्दोष गोल असं काहीही नव्हतं. ही उणीव तोवर कोणाच्याच लक्षात आली नव्हती, यावरूनच ती किती खोल होती ते कळावं.

यंत्रही मीच बनवलं. भंगारवाल्याकडून गाडीच्या वायपरच्या तीन मोटरी आणल्या, त्यांच्या दांड्यांवर पाइपाची पितळी टोपणं वाट्यांसारखी बसवली आणि तिन्ही वाट्या एकमेकींकडे तोंड करून फळीवर पक्क्या केल्या. मधे दगड. वाट्या त्याला तीन बाजूंनी फिरवत घासतात, वर टांगलेल्या सलाइनच्या बाटलीतून थेंब थेंब पाणी पडतं आणि पाण्याबरोबर घासायची पूड. आधी जाड, मग मध्यम, मग बारीक आणि शेवटी चकाकीची. वीज बाबांच्या गाडीच्या बॅटरीची (बाबा बसनं जायला लागले, चालणंही झालं त्यामुळे). यंत्र गॅलरीत बसलं. बाबा ताट घेऊन जिन्यात गेले.

आता हवा होता दगड, आणि दगड घरातच होता. आईचा.

आईचं माहेरचं घर विकलं तेव्हा कोणी कपाट घेतलं, कोणी पितळेची भांडी. आईनं मागितला फक्त मागच्या दारातला दगड. लहानपणी ती दारात बसून पाढे म्हणायची तेव्हा तिचे पाय या दगडावर असायचे. कोबीच्या मोठ्या गड्ड्याएवढा, काळपट हिरवा आणि कमरेला पट्टा बांधावा तशी एक पांढरी रेघ. तो मामानं खांद्यावरून चार जिने चढवून आणला होता, आणि तेव्हापासून मामाच्या दर भेटीत त्याचं वजन थोडं वाढायचं. दगड खिडकीखाली असे. आई रोज त्याला पुसायची.

"आई, दगड दे."

"कशाला?"

मी समजावून सांगितलं. बराच वेळ सांगितलं.

"म्हणजे तू त्याला घासणार."

"घासणार नाही गं. त्याच्या आत जो गोळा आहे तो मोकळा करणार."

"आत सुखानं आहे ना? मग राहू दे की."

पण मी हटलो नाही. शेवटी आई माझ्या दाढीकडे बघत म्हणाली, "घे. पण रेघ जाता कामा नये. रेघ गेली तर तो रस्त्यावरचा कुठलाही दगड. आणि पुढच्या महिन्यात मामा यायच्या आत मला तो खिडकीखाली हवा."

"आई, रेघेला धक्का लागणार नाही. शब्द देतो!" (शब्द देण्याचं शिक्षण मी भरपूर घेतलं होतं.)

दगड कापायच्या ग्राइंडरनं कोपरे उडवले आणि कोबीचा नारळ झाला. यंत्र सुरू केलं. घर्रर्र! सगळ्या इमारतीनं एकदम दात खाल्ल्यासारखा आवाज. पण काय सांगू, दगड फिरायला लागला! मी डोळे पुसले. जाड पूड झाली, मध्यम झाली, बारीक झाली, मग चकाकीची लावली आणि एका संध्याकाळी गोळ्यात मला माझा चेहरा दिसला. चेहऱ्यावरून, बरोबर नाकावरून, एक ओरखडा गेला होता.

या कलेतलं क्रूर सत्य इथं सांगायला हवं. चकाकी आणताना जाड पुडीचा एक कण, एकच कण, मधे आला तरी ओरखडा पडतो. आणि तो काढायचा तर परत जाड पुडीपासून सुरुवात. म्हणजे गोळा आणखी लहान.

"रेघ आहे?" आईनं विचारलं.

"आहे तर! ही बघ."

होती. जरा वर सरकली होती, इतकंच. रेघ दगडाच्या बरोबर मधून गेलेली नव्हती, हे दगड लहान होईल तसं उघडकीला येत होतं. आधी कमरेला होती ती छातीशी आली.

दुसऱ्यांदा ओरखडा. तिसऱ्यांदा ओरखडा. नारळाचं संत्रं झालं आणि रेघ गळ्याशी आली. आई हल्ली काही विचारत नसे. सकाळी फडकं घेऊन खिडकीखाली जायची, रिकामी जागा पुसायची आणि परत यायची. मला गलबलून यायचं. पण माझा आत्मविश्वास शाबूत होता. चूक माझी नव्हतीच. घरात कोणीतरी कण आणत होतं.

मी नियम केले. गॅलरीच्या दाराकडे फिरकायचं तर पाय धुऊन. केस बांधून. शिंकायचं ते जिन्यात.

"जिन्यात मी जेवतो," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही बसनं येता. धूळ तुमच्या पँटीतून येते."

"बसनं का येतो, ते सांगू?"

मी विषय बदलून आईकडे वळलो. "आई, तू भांडी कशानं घासतेस?"

"तुझ्या यंत्रानं नाही घासत, एवढं खरं."

धाकट्या बहिणीवर माझा सगळ्यात जास्त संशय होता. ती दातांच्या डॉक्टरीला आहे. पांढरा कोट, पिशवीभर हत्यारं, काहीही आणू शकते. तिच्या चपला मी भिंगातून तपासल्या. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"झालं? सापडलं काही?"

"अजून नाही. पण सापडेल."

चौथ्यांदा ओरखडा पडला तेव्हा संत्र्याचं मोठं लिंबू झालं होतं आणि रेघ टोपीसारखी डोक्यावर चढून बसली होती. आणखी एकदा घासलं की गेली. आणि मामाचा फोन आला होता, रविवारी येतोय.

मी गॅलरीत उकिडवा बसून त्या लिंबाकडे बघत होतो. बहीण मागे येऊन उभी राहिली.

"दादा, हे चकाकायला लागतं तेव्हा तू काय करतोस?"

"काय करणार? बघतो."

"कसं बघतोस? करून दाखव."

मी गोळ्यावर वाकलो. चेहरा कसा दिसतो ते नीट कळावं म्हणून आणखी जरा वाकलो.

"थांब. हलू नकोस." तिनं पिशवीतून दात तपासायचा छोटा आरसा काढून जबड्याखालून बघितलं, माझ्या हनुवटीखाली पांढरा कागद धरला आणि कंगव्यानं माझी दाढी विंचरली.

कागदावर करडे कण पडले. चिमूटभर नाही, पुडीत बांधून विकता आले असते इतके.

ही दाढी मी शिकायला गेल्यावर वाढवली होती. विचार करताना तिच्यात बोटं फिरवायची सवय होती (विचार सतत चालू असत, आणि बोटं सतत पुडीत). म्हणजे ओरखड्यांचं कोठार मी स्वतःच्या तोंडावर बाळगत होतो, आणि गोळ्यात मी जितका छान दिसायला लागे तितका जवळ जाऊन ते त्याच्यावर झटकत होतो.

"बाबा, तुमची पँट सुटली!" बहीण जिन्याकडे तोंड करून ओरडली. "गुन्हेगार सापडला!"

दाढी काढली. आई म्हणाली, "अगं बाई, हनुवटी आहे अजून." मग मी डोक्याला फडकं बांधलं, श्वास रोखला आणि रेघेची बाजू वाट्यांना कमीत कमी लागेल अशी गोळ्याला सांभाळत शेवटचा फेरा घातला. जाड, मध्यम, बारीक, चकाकी. रविवारी सकाळी यंत्र थांबवलं, गोळा पुसला, उन्हात धरला. एकही ओरखडा नाही! आणि वर, शर्टाच्या बटणाएवढं, पांढरं कडं.

मामा धापा टाकत वर आला. बसायच्याही आधी मी तो त्याच्या तळहातावर ठेवला.

"वा!" मामानं तो फिरवून फिरवून पाहिला. "काय चकाकतोय! तू केलास? शाब्बास रे भाच्या. आता दगड दाखव."

"मामा, हाच."

"हा नमुना झाला. दगड कुठाय?"

नळ तेवढा गळत होता.

"मामा," मी म्हणालो, "हा त्या दगडाचा गाभा आहे. जे अनावश्यक होतं तेवढंच गेलं."

"अनावश्यक?" मामानं नकळत खांदा चोळला. "अरे, मग तेव्हाच सांगायचं ना. खिशात घालून आणला असता!"

तेवढ्यात आईनं हात पुढे केला. मामानं गोळा तिच्या हातात दिला. तिनं अंगठ्यानं ते पांढरं कडं चाचपलं, पुन्हा चाचपलं आणि मूठ मिटली. दगड पुरता मुठीत मावला.

"आहे," ती हळूच म्हणाली. आणि मग एकदम हसली. "इतकी वर्षं याला सोडून कुठं जाता येत नव्हतं. आता नेता येईल."

"कुठं?" मी आशेनं विचारलं. प्रदर्शन वगैरे माझ्या डोक्यात येऊन गेलं.

"मामाकडे. महिनाभर राहते. हा तिथं सुरक्षित राहील."

दुपारी तिनं पिशवी भरली. गोळा रुमालात गुंडाळून अगदी तळाशी ठेवला. मी पिशवी उचलायला पुढे झालो, तर ती मामानं घेतली. दारात आईनं मागे वळून घरावर एक नजर टाकली, माझ्यावर टाकली, आणि मग बाबांना बाजूला घेऊन म्हणाली, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं:

"अहो, जपून राहा. याच्या हाती लागू नका. आहात तेवढेच्या तेवढे मला परत हवे आहात."