दोर लिंबाजीअण्णांच्या हातात

आमच्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी मरतो. कधी मरायचं ते लेखकानं ठरवलंय, पण किती वेळ मरायचं ते पडदा ओढणारे लिंबाजीअण्णा ठरवतात.

सोनारीच्या प्रयोगात मी फौजदाराच्या वेशात गोळी खाऊन पडलो. पुढच्या रांगेतल्या दोन बाया डोळे पुसताना दिसल्या, मग काय, मला राहवेना. पदरची चार वाक्यं घालून मी मरण लांबवलं. अण्णांनी सरळ पडदा टाकला. माझे पाय बाहेरच राहिले. मेलेल्या फौजदारानं ते हळूच आत ओढून घेतले, आणि त्याच बाया पोट धरधरून हसल्या. मी विंगेत जाऊन तावातावानं भांडलो. अण्णा थंडपणे म्हणाले, "मेलेल्या माणसानं किती बोलावं? दोर माझ्या हातात हाय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाडीत खिडकीपाशी कोण बसणार, जेवायला कुठं थांबायचं, सगळ्याला हेच उत्तर. प्रयोगाआधी ते दोर कपाळाला लावतात. प्रवासात तो सामानात टाकत नाहीत, वेटोळं करून मांडीवर घेऊन बसतात. एकदा मी त्यावर टॉवेल वाळत घातला, तर दोन दिवस माझ्याशी अबोला. प्रयोग संपल्यावर आम्ही सगळे नट ओळीनं उभं राहून नमस्कार करतो, तेव्हाही अण्णा आपले विंगेत, दोर धरून.

परवा मुरुमला प्रयोग होता. अण्णांची धाकटी लेक तिथं दिलीय. वाटेत येरमाळ्याला चहाला थांबलो, तेव्हा तिचा फोन आला. अण्णांचा फोन कायम स्पीकरवर, त्यामुळं साऱ्या कंपनीनं ऐकला. ती सासूला घेऊन नाटकाला येणार होती. वडील वर्षभर गावोगाव फिरून करतात तरी काय, असं सासरी सगळे विचारायचे. तिनं ठोकून दिलं होतं, नाटकात काम करतात.

"अण्णा, तुमी स्टेजवर कवा येता?" तिनं विचारलं.

अण्णांनी कप खाली ठेवला. "पहिल्यापासनं शेवटपर्यंत असतो की."

आम्ही खो खो हसलो. अण्णांनी उरलेला चहा तसाच सोडला.

त्या दिवशी मी शहाण्यासारखा वेळेवर मेलो. तिसरा अंक सुरू झाल्यावर बघतो तर अण्णा विंगेच्या फटीतून लोकांकडं बघतायत. लेक तिसऱ्या रांगेत होती, शेजारी सासू. नवं पात्र आलं की सासू बोट दाखवायची, अन् लेक मान हलवायची, न्हाय. शेवटी म्हातारा नोकर आला. सासूनं मोठ्या आशेनं बोट दाखवलं. लेकीनं मान खाली घातली.

"आता नाटकात यायची माणसंच उरली न्हाईत," अण्णा माझ्या कानाशी पुटपुटले. "पोरगी खोटी पडली बघ."

मला गलबलून आलं. चहाला हसलो त्याची लाज वाटली.

नाटक संपलं. सगळे नमस्काराला गेले. मेलेल्यांनाही त्या ओळीत जागा असते, पण मी गेलो नाही. अण्णांच्या हातातला दोर धरला आणि म्हणालो, "माझ्या जागी तुम्ही जावा."

"दोर कोण धरंल?"

"मी धरतो की."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, दोराकडं पाहिलं. मग शर्टाचं वरचं बटण लावलं आणि गेले.

ओळीच्या टोकाला उभे राहिले खरे, पण हात जोडायचं विसरले. मुठी तशाच, दोर धरल्यासारख्या. तिसऱ्या रांगेत लेक ताडकन उठली. या वेळी बोट तिनं दाखवलं. सासूनं निरखून पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बसल्या जागेवरून व्याह्यांना नमस्कार केला.

बाकीचे नट आत वळले. अण्णा तिथंच, लेकीकडं बघत. बऱ्याच वेळानं भानावर आले आणि डोळे पुसत मला खुणावू लागले, पडदा टाक, पडदा टाक.

मी दुसरीकडं बघितलं. दोर माझ्या हातात होता.