शिवलकरांची एकतर्फी काच

कोणत्याही सभ्य घराची योग्यता त्याच्या दर्शनी खिडकीवरून ठरते आणि खिडकीची योग्यता तिच्यातून कुणाला काय दिसतं यावरून. उजेड आणि वाराही खिडकीतून येतात हे खरं. पण ते दारातूनही येतात, आणि वीज आल्यापासून त्यांचं पूर्वीइतकं महत्त्व राहिलेलं नाही.

हे सत्य आत्माराम शिवलकरांना निवृत्तीनंतर उमगलं. सरकारी कचेरीत त्यांचं टेबल सगळी नोकरी भिंतीकडे तोंड करून होतं. त्यामुळे रत्नागिरीतल्या आपल्या घराचं रूप पालटायचं ठरलं, तेव्हा रंग, फरशी असले किरकोळ विषय त्यांनी पत्नीवर सोपवले आणि रस्त्याकडच्या भल्यामोठ्या खिडकीचा विषय स्वतःकडे राखून ठेवला. खिडकी इतकी मोठी की लग्नातलं कपाट तिच्यातूनच आत घेतलं होतं. (ते बाहेर काढायची वेळ आली तेव्हा जमलं नाही. कपाट अजून आहे.)

खिडकीच्या वापराबाबत संबंधितांकडून सूचना मागवण्यात आल्या. पत्नी ज्ञानेश्वरीबाई म्हणाल्या, खिडकी आहे तशी राहू दे, मी तिथे बसून तांदूळ निवडते, जाणाऱ्या-येणाऱ्याशी दोन शब्द होतात. ही सूचना फेटाळण्यात आली, कारण तसा वापर आधीपासून चालू होता आणि चालू असलेल्या गोष्टीला निर्णय म्हणता येत नाही. मुंबईहून मुलगा केतन याने खिडकीसमोर टीव्ही ठेवायला सांगितलं. त्यात रस्त्यावरच्यांना टीव्हीची नुसती पाठ दिसली असती आणि तो किती इंची आहे हे कळलं नसतं. सूनबाई योगिनीने खिडकीत गाद्या घालून वाचायला बसण्याची सोय सुचवली. परंतु घरात वाचन म्हणजे वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता, आणि त्या उभ्यानेच वाचण्याची पद्धत आहे. तरी सून वर्षातून दोनदाच येते, तिला नाराज कशाला करा, म्हणून जेवणाचं टेबल खिडकीला लागून ठेवण्याची तिची दुसरी सूचना मंजूर झाली. या टेबलाकडे पुढे यायचं आहे.

आत्मारामभाऊंचा स्वतःचा विचार व्यापक होता. आळीच्या गणेशोत्सव मंडळाचं अध्यक्षपद यंदा रिकामं होतं आणि ते आपल्याला मिळावं ही त्यांची जुनी, मनापासूनची इच्छा होती. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांच्या सहीसाठी कागद पुढे सरकवले होते. आता एकदा तरी लोकांनी आपल्या सहीसाठी थांबावं असं त्यांना फार वाटे. म्हणून मंडळाच्या बैठकीत त्यांनी स्वतः ठराव मांडून मंजूर करून घेतला होता, की ज्याच्या घरी श्रावणात मासळी शिजेल त्याला पद मिळणार नाही. मात्र नियम झाला म्हणजे लक्ष ठेवणं आलं, आणि लक्ष ठेवायचं तर आपण दिसता कामा नये.

यावर उपाय बाजारात मिळतो. काचेवर एक चकचकीत फिल्म चिकटवतात. आतून बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरून पाहणाऱ्याला आपलंच तोंड. फुजैल नावाच्या कारागिराने ती दुपारपर्यंत बसवली आणि आत्मारामभाऊंनी लगेच रीतसर पाहणी केली. ज्ञानेश्वरीबाईंना आत उभं करून हातवारे करायला सांगितलं आणि स्वतः रस्त्यावर जाऊन पाहिलं. हातवारे दिसले नाहीत. काम समाधानकारक असल्याचा शेरा त्यांनी तोंडी दिला. पाहणी भर दुपारी, म्हणजे कार्यालयीन वेळेतच झाली, कारण त्यानंतर पाहणी करण्याची त्यांना सवय नव्हती.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यातच निष्कर्ष हाती आले. आळीतली चाळीस टक्के घरं श्रावण पाळत होती, चाळीस टक्के पाळतो असं सांगत होती आणि उरलेली वीस टक्के पाहुण्यांसाठी म्हणून दारोदार मासळी विकणाऱ्या आवडाबाईकडून मासळी घेत होती. (पाहुणे आढळले नाहीत.) समोरच्या रशीदच्या घराला श्रावण लागू नसल्याने ते वगळण्यात आलं, त्याच्याकडे कोणती मासळी गेली एवढं फक्त हळहळत पाहिलं जाई.

आता आत्मारामभाऊंच्या स्वतःच्या जेवणाविषयी. श्रावण हा आचार आहे आणि आचार म्हणजे जो चारचौघांना दिसतो तो. जे दिसत नाही ते नुसतं जेवण. हा मुद्दा ध्यानात घेतला म्हणजे आवडाबाई मागच्या दाराने अळूच्या पानाखाली बांगडे का देऊन जात, याचा उलगडा होतो. वासाचा बंदोबस्त उदबत्त्या लावून होई. (आळीत त्यामुळे शिवलकरांच्या भक्तीचा बोलबाला झाला.) दिवेलागणीनंतर नव्या टेबलाशी, नव्या झगझगीत दिव्याखाली, खिडकीकडे तोंड करून भाऊ निर्धास्त जेवत. अंधार पडला की तीच काच आतून आरशासारखी होते, हा त्यांना जादा फायदा वाटला. जेवण झालं की ते काचेसमोर उभे राहून मिशीला फणी लावत आणि खांद्यावर टॉवेल टाकून अध्यक्षीय भाषणाची तालीम करत.

काचेचा स्वभाव असा, की ज्या बाजूला उजेड जास्त, ती बाजू दुसरीकडून दिसते. दिवसा उजेड रस्त्यावर असतो, रात्री घरात. हे आळीतल्या सगळ्यांना पहिल्याच संध्याकाळी कळलं. आत्मारामभाऊंना कळायला संध्याकाळी बाहेर यावं लागलं असतं, आणि संध्याकाळी ते जेवत असत.

मध्यंतरी त्यांच्या घशात काटा अडकला. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी आवडाबाईने आपुलकीने चौकशी केली, "काटा गेला ना वो भाऊ? भाताचा मुटका गिळलात ता बरा केलात." हिला पत्नीने सांगितलं असणार, असं भाऊंनी धरून चाललं. दुपारी रशीदनेही घसा कसा आहे विचारलं, तेव्हा पत्नीला फार बोलायची सवय लागली आहे, असं त्यांचं मत पक्कं झालं आणि आपण ती खिडकी तिच्याकडून काढून घेतली हे बरंच केलं असं त्यांना वाटलं.

श्रावण संपता संपता निवडीची सभा भरली. अध्यक्षपदासाठी एकच नाव होतं. कुणाची हरकत आहे का, असं तीनदा विचारण्यात आलं. हरकत कुणी घेतली नाही, कारण हरकत घेणाऱ्याला आपण कुठे उभं राहून काय पाहिलं हे सांगावं लागतं. शेवटी बोटीवरून निवृत्त झालेला धाकू तांडेल उठला.

"आत्मारामभाऊंसारखा पारदर्शक माणूस आळीत दुसरा नाय," तो म्हणाला. "आतला बाहेरला सगळा आमच्या डोळ्यांसमोर हाय."

निवड एकमताने झाली. भाषणात टाळ्या बरोबर पडल्या. दोन ठिकाणी तर भाऊ वाक्यापर्यंत पोहोचण्याआधीच पडल्या. भाऊंचे डोळे भरून आले. आपण लोकांना इतके कळलो आहोत, याची त्यांना कल्पना नव्हती.

हार आणि नारळ घेऊन ते घराकडे निघाले तेव्हा अंधारून आलं होतं. समोरच्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर, मंडळी ओळीने बसली होती. सभेतून ती पुढे सटकून घाईघाईने आली असावी. भाऊंनी त्यांची नजर जिथे होती तिकडे पाहिलं. त्यांचं घर दिव्यात न्हालं होतं. नवी फरशी, नवा रंग, ते कपाट, टेबल, टेबलावर ताट आणि ताटात अध्यक्षांच्या निवडीप्रीत्यर्थ तळलेले दोन बांगडे, सगळं स्वच्छ दिसत होतं.

ओरडावं, तर काय ओरडणार? फिल्म फाडावी, तर का फाडली हे सांगणं आलं. अध्यक्ष हार घालून रस्त्यात उभे राहिले. धाकूने थोडं सरकून जागा केली. भाऊ बसले.

आत ज्ञानेश्वरीबाई काचेजवळ आल्या. त्यांनी थेट भाऊंच्या डोळ्यांत पाहिलं, कुंकू नीट केलं, मग वळून भाऊंच्या ताटातल्या मोठ्या बांगड्याचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि उरलेला बांगडा उलटा करून ठेवला.

"ही माझ्या ताटातलं खाते?" भाऊंनी हळू आवाजात विचारलं.

"ता रोजचाच हाय," धाकू म्हणाला.

भाऊंना पहिल्यांदाच वाईट वाटलं. तरीही ते उठले नाहीत, कारण पुढे काय होतं ते त्यांनाही पाहायचं होतं.

राहिला प्रश्न वाचकांचा. आपणही इतका वेळ, कुणी बोलावलेलं नसताना, याच गडग्यावर बसून होता. त्याबद्दल आळीची तक्रार नाही. गडगा लांब आहे. फक्त हे वाचताना अंधार पडून आपल्या घरात दिवा लागला असेल, तर एकदा खिडकीकडे पाहावं. काचेत आपल्याला आपणच दिसत असाल, तर पडदा ओढायला उशीर झाला आहे.