एका वॉशरची मंजुरी

“गाडी चढावर गुदमरत असन तं तिले लाथा मारू नको, पोरी. पेट्रोल थोडं जास्त जाऊ दे. कार्बोरेटरच्या सुईखाली एक वॉशर टाक आन् मंग पाह्य.”

देवराव मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण वरच्या तांड्याच्या घाटात, अर्ध्या चढावर, सरकारी मोटारसायकल खोकून बंद पडली की साधनाला वडिलांचा हा आवाज घाटंजीच्या गॅरेजात ऐकला होता तसाच्या तसा ऐकू यायचा. आजही आला.

मोटारसायकल साधीसुधी नव्हती. डांबरावर चालणारी आणि रानातही चालणारी, उंच, रुबाबदार. दुर्गम भागात आरोग्यसेवा पोचावी म्हणून कार्यालयानं ती खास घेतली होती. कार्यालयाच्या आवारात ती उत्तम चालायची, बाजाराच्या रस्त्यावरही छान चालायची. दुर्गम भाग लागला की मात्र थांबायची.

साधना आरोग्यसेविका. सकाळी पंचशील म्हटल्याशिवाय ती चहाला तोंड लावत नसे. पुष्कळ लोक म्हणतात. साधना ते दिवसभर पाळायचीही. ती खोटं बोलत नाही हे कार्यालयात सर्वांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल सर्वांना तिची कीव येत असे.

ती गाडीशी झटत असताना खालून लालीबाई आली. डोक्यावर बाजाराचं गाठोडं, हातात काठी. तांड्यातल्या साऱ्या म्हाताऱ्यांना साधना त्यांच्याच बोलीत ‘याडी’ म्हणे, म्हणजे आई.

“अवो बाई, मागच्या खेपेलेही तू इथंच होती. घर बांधून राह्यली काय इथं?”

“गाडी चढत नाही, याडी.”

“मंग तू चढ ना! नातू माहा नऊ महिन्याचा झाला. खालच्या गावात गोवर निघाला. लसीची पेटी घे आन् चाल माह्यासंग.”

“सरकारी गाडी बेवारस सोडता येत नाही.”

लालीबाईनं गाडीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. “गाडी सरकारची. मंग तू कोनाची?”

साधनानं पेटीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. ती हळू आवाजात म्हणाली, “बुधवारी येतो. शब्द देतो तुले.”

“गाडीचा का तुहा?”

“माहा.”

लालीबाई हसली नाही. काठी टेकत वर निघून गेली.

गाडी उतारानं खाली आली, तिथपर्यंत तिची काही तक्रार नव्हती. साधनानं ती थेट कलीमचाचाच्या गॅरेजात नेली. कलीम देवरावांचा जुना भागीदार. त्यानं ॲक्सिलेटर पिळून इंजिनाचा आवाज ऐकला, आणि एखादा उपाशी माणूस पाहावा तसा चेहरा केला.

“बेटी, धूर कमी दिसावा म्हनून कंपनीनं हिले पेट्रोलचा रोजा ठिवायला लावला. इफ्तार कधी करायचा, ते सांगतलंच नाही. सुईखाली एक वॉशर टाकतो. भंगारातल्या गाडीचा, पेट्रोल सोडनारा एक नंबर मोठा जेट पडून आहे, तोही लावतो. फिल्टरच्या डब्याचं झाकन थोडं मोकळं करतो. बकरीवानी चढन घाट.”

“खर्च?”

“वॉशरचा कायचा खर्च? तुह्या बापाच्याच डब्यात पडलेलं आहे.”

“पण चाचा, दर महिन्याला सही करा लागते. वाहन मूळ स्थितीत आहे, कोणताही बदल केलेला नाही म्हनून.”

“सारेच करतात सही. आन् साऱ्यांच्या गाड्या माह्याकडंच येतात.”

“मी विचारून घेतो.”

कलीमनं हातातला पाना खाली ठेवला. “बेटी, आजपावतर तू मले कोनतं दुःख देलं नव्हतं.”

कार्यालयातले उकंडराव बाबू मनानं चांगले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

“साधनाताई, विचारलं कायले? गुपचूप टाकलं असतं तं कोनाले समजलं असतं? आता तुम्ही विचारलं म्हनजे मले माहीत झालं. मले माहीत झालं म्हनजे कार्यालयाले माहीत झालं.”

“मग परवानगी द्या ना.”

“तीच तं पंचाईत आहे. याले खर्चच नाही. बिनखर्चाचं काम मंजूर करायची तरतूद कुठं आहे? असं करा, अख्खं इंजिन बदलून मागा. त्याले तरतूद आहे.”

“इंजिन चांगलं आहे, बाबू.”

“बरं, मंग चांगलं इंजिन बदलायची कारनं लिहा,” उकंडराव उत्साहानं म्हणाले.

साधनानं तेही खोटं ठरेल म्हणून नकार दिला. त्यामुळे नाइलाजानं वाहन मूळस्थिती संरक्षण समिती बोलावण्यात आली.

समितीनं आवारात गाडीची पाहणी केली. सीटवरचं प्लॅस्टिक एका बाजूनं फाटलेलं आढळलं. गाडी आली तेव्हा ते अखंड होतं, म्हणून ही बाब गंभीर मानून साधनाला समज देण्यात आली. हँडलला लोंबणाऱ्या लिंबू-मिरचीवर बरीच चर्चा झाली. ती कंपनीनं दिलेली नव्हती. पण दर शनिवारी बदलत असल्यामुळे तो कायमस्वरूपी बदल होत नाही, असं ठरून लिंबू-मिरची कायम करण्यात आली. दसऱ्याचा वाळलेला हारही तिच्याच आधारानं वाचला.

मग तज्ज्ञ म्हणून कलीमला पुढे बोलावलं. त्यानं तळहातावर वॉशर ठेवून दाखवलं. अध्यक्षसाहेबांनी चष्मा पुसून ते शोधून काढलं.

“हे एवढंसं?”

“जी साहेब.”

“एवढ्याशानं फरक पडत असता तर कंपनीनंच टाकलं नसतं का? आणि फरक पडत नसेल तर टाकायचं कशाला?”

समितीला हा युक्तिवाद इतका आवडला, की तो इतिवृत्तात ठळक अक्षरांत घ्यायचं ठरलं. कलीमनं वॉशर खिशात टाकलं आणि जाता जाता साधनाला म्हणाला, “आता गाडीले दुआच लागन.”

साधनानं पुन्हा विचारलं, “पण साहेब, बुधवारी घाट कसा चढायचा? पोरांची लस राहिली आहे.”

अध्यक्ष काही निर्दय नव्हते. त्यांनी मार्ग काढला. इंजिनाला हात लावता येत नाही. पण गाडीला मागून हात लावायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. सबब ढकलण्यासाठी दोन मदतनीस मंजूर. मदतनिसांना घाटापर्यंत न्यायला पिकअप मंजूर. पुढं उकंडरावांनीच लक्षात आणून दिलं, की ढकलताना गाडीला ओरखडा उठला तर मूळ स्थिती राहणार नाही. तेव्हा मोटारसायकल पिकअपमध्ये बांधून वर न्यावी, मदतनिसांनी दोन्ही बाजूंनी ती धरून ठेवावी, असा दुरुस्त ठराव एकमतानं मंजूर झाला.

सरकारी कामाला वेळ लागतो असं लोक म्हणतात. हे सगळं मंगळवारीच उरकलं होतं.

बुधवारी सकाळी घाटाच्या पायथ्याशी उद्घाटनाचा मंडप होता. पिकअपमध्ये मोटारसायकल दोरांनी बांधलेली, गळ्यात ताजा हार, सीटवर नवं प्लॅस्टिक. साधना खांद्याला निळी लसपेटी अडकवून आली.

“बाबू, मी पुढं बसू का?”

“पिकअप मोटारसायकलीसाठी मंजूर आहे, ताई.”

“निदान पेटी तरी ठेवू द्या.”

“पेटी तुमच्या नावावर आहे ना? ती तुमच्यापासून दूर कशी ठेवता येईन?”

“आणि गाडी? ती माझ्या ताब्यात आहे.”

“आज नाही. आज ती पिकअपच्या ताब्यात आहे. सही झाली.” आणि खालच्या आवाजात ते म्हणाले, “आज तुमच्यावर गाडीची काहीच जबाबदारी नाही.”

साधनानं मोटारसायकलीची किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली.

तेवढ्यात पाहुण्यांनी हिरवी झेंडी धरली. फोटोवाला ओरडला, “ओ बाई, बाजूले सरका, गाडीच्या आड येऊन राह्यल्या!” ती सरकली.

फोटो झकास आला. ‘दुर्गम तांड्यावर पोचली आरोग्यसेवा’ असं त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. तो तुमच्याही मोबाइलवर आला होता. तुम्ही अंगठा दिलात, ‘अभिमानास्पद’ लिहिलंत आणि तीन ग्रुपवर पुढे पाठवलात. मूळ फोटोत डाव्या कडेला निळ्या पेटीचा पट्टा धरलेला एक हात होता. स्टेटसच्या चौकटीत तो बसत नव्हता, म्हणून तुम्हीच तो कापलात.

तिकडं मंडपात टाळ्या चालू होत्या. पिकअप अजून सुरू व्हायचा होता. ड्रायव्हर पेढा खात होता. साधनानं लसपेटीचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला, चपला काढून पिशवीत टाकल्या, आणि मंडपामागून वर तांड्याकडं जाणाऱ्या पायवाटेला लागली.