काकाजींच्या डबीतली डाळ

आमचे शेजारी काकाजी विकाऊ घर पाहायला निघाले की खिशात तंबाखूची एक पत्र्याची डबी ठेवतात. तिच्यात तंबाखू नसते, तुरीची डाळ असते. तिथं पोचल्यावर घर राहतं बाजूला. काकाजी शेजारच्या दारात उभे राहतात, डबी उघडतात आणि तिथल्या बाईला म्हणतात, "बेटा, एवढी डाय तुमच्या पान्यात शिजवून दाखवतं का?"

बाई आधी दचकते, मग कुकर लावते. अहो, सत्तरीचा माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, हात जोडून उभा! नाही कोण म्हणेल?

काकाजींचं म्हणणं असं, की भिंत पाडून पुन्हा बांधता येते, पण बोअरचं पाणी जड निघालं तर जन्मभर वरण घोटत बसा. उभी हयात त्यांनी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात घालवली. अंगठ्यात नि बोटात पेळू ताणायचा आणि भाव सांगायचा. आता ते घराच्या भिंतीचं प्लास्टर तसंच दोन बोटांत चोळून पाहतात. "मास्तर, हातानं पाह्यल्याबिगर भाव नाई," हे त्यांचं मला रोजचं सांगणं. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "टाइम नाई भेटला."

नालवाडीत पुढच्या दोन खोल्यांत आम्ही, म्हणजे मी आणि बायको संगीता, भाड्यानं राहतो. मागच्या खोलीत काकाजी. अकरा वर्षं झाली. संगीताच्या हातच्या वरणाची एक वाटी रोज मागच्या खोलीत जाते आणि दुसऱ्या दिवशी लख्ख घासून परत येते, आत कधी चार बोरं, कधी मूठभर भुईमुगाच्या फल्ल्या.

यंदा घरमालकाच्या मुलाचं लग्न जमलं आणि त्याला पुढच्या खोल्या हव्या झाल्या. दिवाळीपर्यंत खाली करा म्हणाला. शाळामास्तराच्या पगारात वर्ध्यात घर शोधणं म्हणजे काय, ते शोधल्याशिवाय कळत नाही. आज ऐकलेला भाव पुढच्या रविवारी नसतोच. अशा वेळी काकाजी आपणहून म्हणाले, "तुमी नोका घाबरू. मी हाये ना."

होते ना! सावंगीला नेलं तर फ्लॅट पाहायच्या आधी मला रस्त्यात उभं करून गच्च्यांवरच्या दोऱ्या मोजायला लावल्या. "किती एप्रन वाळून राह्यले, पाहा. डॉक्टरकीचे पोट्टे! इथं घर घेनारा राह्याले नाई येत, भाड्यानं देयाले येते. म्हून भाव चढला." किराणा दुकानात गेले की विचारणार, तेलाचे डबे जास्त खपतात की पुडे? पुडे खपत असतील तर वस्ती भाडेकरूंची, डबे खपत असतील तर घरवाल्यांची. खरं सांगतो, दलालापेक्षा यांचा अंदाज पक्का निघायचा. पण शेवटी यायची ती डाळ. सावंगीत शिजली नाही. सेवाग्राम रस्त्यावर दोन घरं पाहिली, तिथंही नाही. "पानी जड हाये, सोडा," काकाजी म्हणायचे आणि मी गाढवासारखा सोडायचो. तिन्ही घरं आठवड्याच्या आत दुसऱ्यांनी घेतली.

चौथं घर सिंदी मेघेला निघालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं सीताफळाचं झाड. संगीतानं ओट्यावर हात फिरवला तेव्हाच मला कळलं, हिचं ठरलं. घरधनी ढोबळे लेकाकडे पुण्याला चाललेले, माणूस सरळ. म्हणाले, "सर, पाच वाजता सावंगीचे एक डॉक्टर इसार घेऊन येत आहेत. त्याच्या आत तुम्ही दिला तर घर तुमचं. त्याच्यानंतर मला बोल लावायचा नाही."

चार वाजले होते. चेकबुक माझ्या खिशात होतं. आणि काकाजी शेजारच्या दारात होते.

कुकर चढला. पहिली शिट्टी, दुसरी. मी घड्याळ पाहतोय, संगीता माझ्याकडे पाहतेय. चौथ्या शिट्टीनंतर शेजारीणबाईंनी झाकण काढलं. डाळ गिट्टीसारखी!

"मास्तर, सोडा," काकाजी म्हणाले. या खेपेला माझ्याकडे न बघता म्हणाले.

तेवढ्यात ढोबळ्यांचा फोन वाजला. डॉक्टर घरून निघाले होते. घ्यावं तर जन्माचं पाणी जड, सोडावं तर दिवाळीला सामान ठेवायचं कुठं?

शेजारीणबाई मात्र खवळल्या. "सोडा काऊन म्हनता हो? सात वर्सं झाले मले इथं. माह्या घरी तीन शिट्ट्यात वरन होते! माह्या पान्याले नावं ठेवू नोका!"

संगीतानं काकाजींच्या हातातली डबी घेतली. एक दाणा दाताखाली धरला, डबीचा वास घेतला आणि हळूच विचारलं, "काकाजी, ही डाळ कवाची हाये?"

काकाजींनी डबी परत घेऊन खिशात घातली. बाईंनी आपल्या डब्यातली डाळ घेतली, दुसरा कुकर चढवला. तीन शिट्ट्या. कुकर तसाच नळाखाली धरून वाफ काढली, झाकण उघडलं. डाळ लोण्यासारखी मऊ.

साडेचार झाले होते. माझं डोकं फिरलं. बाईंच्या ओट्यापाशीच मी ओरडलो, "काकाजी, तीन घरं गेली आमची! जन्मभर माल पारखला तुमी, जुनी डाळ शिजत नाही हे तुमाले ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं."

"मंग नवी काऊन नाही आणली?"

काकाजी उंबऱ्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नवी आनली असती तं पहिल्याच घरी शिजली असती, मास्तर. मंग तुमी गेले असते."

मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच क्षणी रडूही येत होतं. संगीता तर पदर डोळ्यांना लावून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

उठले तेही काकाजीच. टोपी घातली, माझ्या दंडाला धरलं. "चाला, चाला! रडत काय बसले? डॉक्टर फाट्यावर आला असन. घर एक नंबर हाये. मी मंघाच भिंत चोळून पाह्यली."

पावणेपाचला ढोबळ्यांनी इसार पावती लिहायला घेतली. मी चेक दिला, सही केली. साक्षीदार म्हणून काकाजी पुढं झाले. नाव लिहून झाल्यावर ढोबळ्यांनी सहज विचारलं, "सरांचे कोण तुम्ही? तेही लिहा, म्हणजे ओळख राहील."

काकाजींनी जाड अक्षरात लिहिलं, शेजारी. पेनाचं टोक त्या शब्दावर टेकवलं. मग मला विचारलं, "दिवाळीपर्यंत तं खरंच हाये ना हे?"