रागाची बटणं

नेम पाळण्याच्या बाबतीत माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी अगदी नम्रपणे सांगते. पहाटेची प्रार्थना, जेवताना मौन, खोटं अजिबात नाही आणि रोज एकदा तरी कुणाचं मनापासून कौतुक, असे चार नेम मी अकरा वर्षं पाळते आहे. ताप आला तरी खाडा नाही. तापात दुसरं काही सुचेना, तेव्हा डॉक्टरांच्या बुटांचं कौतुक केलं होतं!

राहिला होता फक्त राग. मी हळू बोलते, म्हणून लोकांना वाटतं मला राग येतच नाही. येतो हो! झाकण घातलेल्या पातेल्यासारखी मी आतल्या आत रटरटत असते.

"तुला आणि राग?" आमचे हे हसून म्हणाले. "अगं, तू डास मारायच्या आधीसुद्धा त्याची माफी मागतेस!"

या बोलण्याचाही मला रागच आला. त्याच क्षणी पाचवा नेम घेतला. एकवीस दिवस रागवायचं नाही म्हणजे नाही!

आमच्या शिलाई कारखान्यात तयार शर्ट तपासायचं काम माझ्याकडे आहे. टेबलावर पत्र्याचे दोन डबे ठेवले. राग आला, की उजव्या डब्यातलं एक बटण उचलायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि बटण डाव्या डब्यात सोडायचं. टण्! बटण खाली, राग खाली. इतकी सोपी युक्ती ऋषीमुनींना कशी सुचली नाही, याचं मला राहून राहून नवल वाटलं.

पंधरा दिवस छान गेले. कॉलर शिवणाऱ्या काकूंनी जावयाचं तेच गाऱ्हाणं नव्यानं सुरू केलं, की टण्! काजं करणारे मामा गुडघ्याची कथा सांगू लागले, की टण्! इस्त्रीवाले भाऊ एकाच गाण्याची एकच ओळ गुणगुणू लागले, की टण् टण्! माझ्या मनात शांती आणि हातात त्यांनी केलेला शर्ट. घोटाळा तिथेच झाला, पण मला त्याचा पत्ताच नव्हता.

सोळाव्या दिवशी, मंगळवारी, मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावलं. "नव्या हॉटेलचे दोनशे शर्ट. शुक्रवारी चारला त्यांची गाडी येणार. गाडी रिकामी गेली, तर पुढचं वर्षभराचं काम गेलं समजा. मग अर्ध्या मशीन झाकून ठेवाव्या लागतील." अर्ध्या मशीन म्हणजे अर्धी माणसं.

दुपारी काकू माझ्याजवळ आल्या. "ताई, खरं सांग. माझ्या नावावर किती बटणं?"

अरे देवा! माझा नेम यांना कळला तर! आणि किती समजूतदार बाई! मी खोटं बोलत नाही, म्हणून हळूच म्हणाले, "काकू, आज तीनच. काल अकरा होती."

काकूंचा चेहरा कॉलरच्या कापडापेक्षा पांढरा पडला. मागोमाग मामा आले. "आणि माझी?"

"मामा, तुमची मी आता मोजत नाही. सरळ मूठभर टाकते. पण दोष तुमचा नाही हो, माझाच आहे."

"तू किती सांभाळून घेतेस गं!" असं म्हणून मामा डोळे पुसत गेले.

त्यानंतर कारखान्यात विलक्षण शिस्त आली. जावई बंद, गुडघा बंद, गाणं बंद! पण शर्टही येईनात. बघते तर काय, काकू तीच कॉलर तिसऱ्यांदा उसवताहेत, मामा एकेक काज भिंगातून न्याहाळताहेत, भाऊ एका शर्टाला चौथी इस्त्री करताहेत! गुरुवारी संध्याकाळी शर्ट झाले होते एकशेदहा.

हे असं गोगलगायीचं काम बघून मला राग येणारच ना! टण्! की काकू आणखी एक कॉलर उसवायच्या. ते बघून मला पुन्हा राग. टण् टण्! की मामा सगळी काजं पुन्हा तपासायचे. जितकी बटणं, तितकी उसवाउसव. शुक्रवारी तर डबा गारा पडल्यासारखा वाजत होता.

एक वाजता मालकीणबाई धापा टाकत आल्या. "अजून बेचाळीस बाकी! काय चाललंय काय?"

मी घाईनं काकूंकडे गेले. "काकू, पुरे. कॉलर छान आहे." मशीनच्या खडखडाटात माझा आवाज माझ्याच कानापर्यंत पोचला नाही. मन आवरायला मी परत येऊन एक बटण टाकलं. टण्! ते मात्र सगळ्यांना ऐकू गेलं! धडाधड मशीन थांबल्या आणि प्रत्येकानं हातातला शर्ट उसवायला घेतला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, तुमच्या चुका नाही मोजत मी!" मी म्हणाले. "ही बटणं माझ्या रागाची आहेत."

"तेच ना!" काकू उसवता उसवता रडायला लागल्या. "आमच्या चुकांचाच राग ना? माझी मशीन आधी झाकणार!"

आज नेमाचा एकोणिसावा दिवस. दोनच दिवस राहिले होते. मी डोळे मिटले, देवाची क्षमा मागितली, स्टुलावर चढले, आणि...

"उसवणं बंऽऽद!! एकाही शर्टात एकही चूक नाहीये! राग मला जावयाचा येतो! गुडघ्याचा येतो! त्या मेल्या गाण्याचा येतो! शिवा आता, नाहीतर मीच तुम्हाला उसवीन!!"

खिडकीतली कबुतरं उडाली. ही कोण बया ओरडली म्हणून मीसुद्धा मागे वळून पाहिलं!

मग मशीन अशा सुटल्या, की जणू मागे वाघ लागलाय. पावणेचारला शेवटच्या शर्टाची घडी घातली गेली. चारला गाडी भरून गेली. एकाही मशीनला झाकण लागलं नाही.

मी स्टुलावर बसून मुसमुसत होते. "माझे एकोणीस दिवस वाया गेले हो काकू."

"वाया काय वेडे?" काकू म्हणाल्या. "इतक्या वर्षांत तू काय बोलतेस, ते आज पहिल्यांदा कळलं!"

"आणि असं रोज सकाळी दहाला एकदा ओरडत जा," मालकीणबाई म्हणाल्या. "काम कसं सरळ होतं!"

मी देवाला विचारून पाहिलं. देव काही बोलला नाही, म्हणजे त्याची संमती असणार. आता रोज पावणेदहाला मी कोमट पाणी पिते, हात जोडते, आणि दहाच्या ठोक्याला मन लावून ओरडते.

काल सुट्टी होती, पण खाडा कसा करणार? घरीच ओरडले. आमचे हे पाचव्या मिनिटाला चहा घेऊन माझ्यासमोर उभे! चहा अगदी पाणचट होता. पण खरं सांगते, मला राग म्हणून आला नाही!